पुसलेली माणसं

सोमवार, २३ सप्टेंबर

कास. एकूण २१४ फोटो. निसर्गफोटोंच्या स्पर्धेला चालतील असे नऊ. त्या नवांतही माणसं! आज कामावरून आल्यावर बसून एका फोटोतून सात जण पुसले. सुरुवात नेहमीप्रमाणे अव्वापासून, सख्ख्या आईपासून. ती कडेला असते, सोपी जाते. गेल्या महिन्यात गोकाकच्या धबधब्यातूनही आधी तिलाच काढलं होतं.

तिला सोबत न्यायचं ही अप्पांची अट. एप्रिलमध्ये मी स्पष्ट सांगितलं — चहाचा ट्रे घेऊन कुणासमोर जाणार नाही, बघण्याचे कार्यक्रम बंद. लग्न ठरलं की भटकणं संपतं. मैत्रीण अंकिताचं पाहिलंय, तिचा कॅमेरा आता फक्त बारशांना निघतो. अप्पांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "फिर. पण अव्वाला घेऊन. एकटी नाही." मान्य केलं.

ठिकाणं मात्र अव्वाच सुचवते. मैंदर्गीत वाढलेली, लग्नानंतर सोलापूरबाहेर फारशी न पडलेली बाई. हिला ही नावं कुठून कळतात? विचारलं तर, "मोबाईलवर येतंय की."

काल ट्रायपॉड लावून उजेडाची वाट बघत होते. एक बाई जवळ आल्या. "लई जड असंल न्हाई? सारखं असं फिरता, मग घरी स्वयंपाक कोण करतं?" ट्रायपॉडचा आणि स्वयंपाकाचा संबंध कळला नाही. "ज्याला भूक लागेल तो," म्हटलं. बाई हसल्या. अव्वा त्यांच्यापेक्षा जास्त हसली. तेवढ्यात ढग सरकले, ऊन नेमकं फुलांवर आलं — आणि फोकसबाहेरचे कुणी गृहस्थ बरोबर मधोमध! कॅमेऱ्यावरून डोळा न काढता ओरडले, "ओ काका, बाजूला व्हा!" साप निघाल्यासारखे पळाले.

गुरुवार, २६ सप्टेंबर

दिवसभर प्रेशर गेज तपासले. बावीस. दोनांत अर्ध्या टक्क्याची चूक, परत पाठवले. एमआयडीसीच्या खिडकीतून ढगांच्या कडा दिसत होत्या. पाय टेबलाखाली थांबत नाहीत.

शनिवार, ५ ऑक्टोबर

उद्या नळदुर्ग. अव्वानेच विषय काढला. धरण भरून वाहतंय म्हणे. बॅटऱ्या चार्ज केल्या, लेन्स दोनदा पुसल्या. अजून सात तास काढायचेत.

सोमवार, ७ ऑक्टोबर

नळदुर्ग. पाणी पांढरंशुभ्र, उजेड सपाट. शंभरावर फोटो, धड एकच, तोही पाच जण पुसल्यावर. एका चष्मेवाल्या मुलाने लेन्स कुठली विचारलं. सांगितलं. मग पगार विचारला. नाही सांगितला. त्याच्या घरच्यांना अव्वाने आमची कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाटून टाकली. अनोळखी माणसांना!

नंतर तासभर कठड्याला धरून उभी होती. परतताना गाडीत म्हणाली, "इतकं पडतंय, तरी संपत कसं नाही गं?" मी विसर्गाचे आकडे सांगितले. ती काचेबाहेर बघत राहिली.

रविवार, २७ ऑक्टोबर

दिवाळीची झाडझूड. नकाशा उघडते, बंद करते. घरात बसवत नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

स्पर्धेचा नियम आज नीट वाचला — मूळ फोटो जोडायचे, काही पुसलेलं चालणार नाही. म्हणून तिन्ही ठिकाणचे मूळ फोटो शेजारी शेजारी लावले आणि पूर्ण मोठे केले.

गोकाक. खडकाजवळ एक चॉकलेटी मफलर.

कास. चॉकलेटी मफलर.

नळदुर्ग. चॉकलेटी मफलर!

सोलापूरच्या उन्हातही घसा जपायला बारा महिने मफलर गुंडाळणारा एकच माणूस मला माहीत आहे. अप्पांचे धाकटे भाऊ, गुरुशांत काका. निम्म्या नात्यागोत्याची लग्नं त्यांनी जमवली आहेत. आणि दर वेळी त्यांच्या शेजारी वेगळी माणसं — कासला ती स्वयंपाकवाली बाई, नळदुर्गला तो चष्मा.

गेजमधला अर्धा टक्का मला दिसतो. सख्खा काका दिसला नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

अव्वा उखळात चटणी कुटत होती. विचारलं, "काका गोकाकला कशाला आले होते?"

बत्ता थांबला. "दिसले होय शेवटी? तीनदा तुझ्यापुढनं गेले की! कासला तर तू त्यांच्या अंगावर वरडलीस. तितनं जे पळाले ते गाडीत जाऊन बसले बिचारे."

हसत होती. हसत! म्हणजे तिन्ही वेळा मला मांडून ठेवलं होतं. ट्रे नव्हता, मागे धबधबा होता, एवढाच फरक.

"तुझ्या अप्पांनी तशीच परवानगी दिलती गं," ती म्हणाली. "गाडी काढायची तर एक स्थळ दाखवून यायचं. मग जितलं स्थळ, तितलंच काहीतरी बघण्यासारखं मी शोधायचे."

कॅमेरा कपाटात ठेवला, कुलूप लावलं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

चार दिवस अव्वाशी बोललेले नाही. ती वाढते, मी जेवते.

एक गोष्ट टोचतेय. फक्त इथे लिहिते. तीन घरांनी पाहिलं आणि तिन्हींकडून पुढे काहीच आलं नाही. म्हणजे तीनपैकी तीन नकार. मला लग्न नकोच आहे. तरी कारण हवंय. वय? रंग? की ते "ज्याला भूक लागेल तो"? खोलीत फेऱ्या मारतेय. बारा पावलं जायला, बारा यायला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

काका आले होते. सरळ विचारलं — तिघांनी नकाराचं कारण काय दिलं?

मफलर सोडता सोडता काका थांबले. "नकार? तिघांचाबी होकार होता की! तुझी अव्वाच दर बारीला मोडती. एक बुटका, एकाचं गाव लांब, त्या नळदुर्गच्या पोराला तर म्हणे चष्मा हाय! आता तूच समजाव तिला."

स्वयंपाकघरात गेले. अव्वाने वर पाहिलं नाही. "गोकाकलाच हो म्हणलं असतं," ती म्हणाली, "तर कास कुणी दाखवलं असतं मला?"

कुलूप काढलं. मूळ फोटो पुन्हा उघडले. तिन्हींत काका आणि पाहुणे माझ्याकडे तोंड करून उभे. पाठमोरी एकटी अव्वा — गोकाकला पाण्याकडे, कासला फुलांकडे, नळदुर्गला पुन्हा पाण्याकडे.

दर वेळी मी पुसायला सुरुवात तिच्यापासून केली.