तिकिटावरचं दुसरं नाव

ताई,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? मी बरा आहे, दोन्ही वेळ जेवतो.

रविवारी न्यूरेंबर्गहून बाम्बर्गला जाऊन आलो. मशीनवर सवयीने दोघांचं दिवसभराचं तिकीट काढलं आणि नियमाप्रमाणे त्यावर नावंही लिहिली, कोनराड आणि हेडविग. तिला जाऊन आठ महिने झालेत, हे गाडी सुटल्यावर आठवलं.

तपासनीस बाईंनी विचारलं, "आजोबा, हेडविगबाई कुठेत?"

"घरीच राहिली." खरं सांगवेना.

"भांडलात वाटतं. परतताना काहीतरी गोड न्या त्यांना."

नेलं गं. खोका टेबलावर तसाच आहे.

या रविवारी तू ये. तिकिटावर तुझं नाव लिहीन.

तुझा धाकटा,
कोनराड