चारशे सतरा नंबरची काच

ता. ४ मार्च

चि. लंबूस अ. उ. आ.

फोटो मिळाला. गाल काय वर आलेत रे! बायकोच्या हातचं चांगलंच मानवलंय. आता लंबू म्हणायचं की गोलू?

इकडे माझं रोजचंच. लॅबमध्ये लोकांच्या किडनीचे दोऱ्याएवढे तुकडे येतात, त्यांचे पापुद्रे काढून मी काचेवर चढवते, रंगवते. काचेवर नाव नसतं, नुसता नंबर, म्हणून तर तुला बिनधास्त लिहिते. आज चारशे सतरा नंबर मायक्रोस्कोपखाली धरला आणि पुन्हा पुन्हा बघत बसले. रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्यांना बाहेरून पेशी पाय पसरून धरून बसलेल्या असतात. त्या मेल्या की सहसा नव्या येत नाहीत. उरलेल्या ताणून ताणून रिकामी जागा झाकतात, मग त्याही सुटतात. या बिचाऱ्याच्या निम्म्या जाळ्यांवर व्रण धरलाय. याचं काही खरं नाही बघ, फार तर पाच वर्षं. कोण कुठला, पण मला घास गेला नाही.

तब्येत सांभाळ, ताईवरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ही मोठ्याने वाचत होती. मी मध्येच हातातून काढून घेतलं. ताई, चारशे सतरा माझाच नंबर आहे. तुमच्या लॅबची पावती समोर ठेवून लिहितोय.

गाल भरले नव्हते गं, सुजले होते. लघवीला फेस यायचा, दोन महिने त्यावर नुसतं पाणी ओतत राहिलो. इथल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तुमच्याकडे पाठवला. तुला उगाच घोर नको म्हणून बोललो नाही, शहाणपणा नडला. औषधं आहेत, बघू, असं डॉक्टर म्हणतात. तू मात्र पाच वर्षं लिहिलंस. पोर सात वर्षांची आहे, म्हणजे तेव्हा बारा. रागाने नाही विचारत, पण पाच कशावरून? हिला अजून सांगितलेलं नाही. तू खरं तेच लिही.

कधी नव्हे एवढी तुझ्या मायेची गरज असलेला,
लंबू

ता. १७ मार्च

चि. लंबूस अ. उ. आ.

माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. पाच वर्षं हा माझा आगाऊपणा. मी काचा रंगवणारी, डॉक्टर नव्हे. तो फेस म्हणजे लघवीतून गळणारी प्रथिनं; औषधांनी ती गळती कमी होते, उरलेल्या पेशींवरचा ताण हलका होतो, कुणाकुणाचं वीस वर्षंही निभतं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

वेळ आलीच तर माझी एक किडनी तुला द्यायची, हे तुझं पत्र वाचता वाचताच ठरवलं. दुसऱ्या सकाळी लॅबमध्ये माझं रक्त-लघवी तपासायला दिलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट हातात द्यायच्या आधी मला बसायला खुर्ची ओढली, तेव्हाच ओळखलं. माझ्याही लघवीतून प्रथिनं जातायत. सूज नाही, त्रास नाही, काहीच नाही. सख्ख्या भावंडांत दोघांना असेल तर दोष घराण्यातून आलेला असू शकतो, असं त्या म्हणाल्या. माझाही तुकडा सोमवारी काढणार आहेत. मला फार भीती वाटतेय रे.

तूही घाबर, रड, पण बायकोला आजच्या आज सांग. आणि उद्या सकाळी पोरीची पहिली लघवी बाटलीत घेऊन दवाखान्यात जा. सुट्टीची वाट बघू नकोस.

लोभाचं मागाहून. आधी तिचा रिपोर्ट कळव.

ताई