चहाच्या रंगाचा तुकडा

प्रिय ठमाबाई,

टाके सुकले, जीभ शाबूत आहे, तेव्हा काळजी नको. पत्र लिहायला दोन दिवस लागले; चार इयत्तांच्या शिदोरीवर याहून वेग निघत नाही.

किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते म्हणे. तिच्यात माझी गाठ होती, लिंबाएवढी. रक्तदाब कशानेच उतरत नव्हता तो तिच्यामुळे. तपासायला ती माझ्याच जुन्या प्रयोगशाळेत गेली. तीस वर्षं तिथल्या बरण्या आणि काचा धुतल्या, आता काचेवर माझंच मांस. तिथल्या डॉक्टरीणबाईला म्हटलं, मला बघू दे. गुलाबी-जांभळे पुंजके दिसले. माझ्या कुठल्या पडद्यावर एवढी नक्षी नव्हती.

तुझी आई शाळा सुटली की तिथेच यायची. स्टुलावर बसून धुतलेल्या काचा उजेडात धरायची आणि डाग दिसला की मला परत धुवायला लावायची. सासू परवडली. आमचे म्हातारे डॉक्टर असल्या गाठीचा ताजा तुकडा नारिंगी पाण्यात टाकायचे. तो चहासारखा तपकिरी झाला की तिला बोलावून दाखवायचे. सांगायचे, ही गाठ रक्तात भीतीचा रस सोडते. माणूस बसल्या जागी पांढरा पडतो, घामाने भिजतो, छाती धडधडते, डोकं फुटायला येतं. बरणी विसळता विसळता मला ते पाठ झालं होतं.

पुढे तुझी आईच तशी पांढरी पडायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "नाटकं पुरे, भांडी पडलीत." बरणीतली दुखणी लोकांची असतात, असंच धरून चालले होते. तू सहा वर्षांची असताना ती ओट्यापाशी कोसळली. सगळे म्हणाले, हृदय. मीही तेच म्हणत आले. आता कोण सांगणार? तिचा तुकडा कुणी नारिंगी पाण्यात टाकला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाली, ही गाठ कधीकधी घराण्यात उतरते. गेल्या महिन्यात तू फोनवर सांगितलंस, बसल्या बसल्या घाम फुटतो, छाती धडधडते. मी हसून म्हटलं, आईवर गेलीस. ते हसू मी परत घेते. सोबत माझ्या रिपोर्टची प्रत आहे. सोमवारी रजा टाक, ती डॉक्टरला दाखव आणि तपासून घे. वेळेवर सापडली तर निघते. मी बहात्तराव्या वर्षी उठून बसलेच ना. आणि घाम फुटला की तिथल्या तिथे आडवी हो. भांडी मी घासेन.

तुझीच,
काचा धुणारी आजी