चार आत, सहा बाहेर

सोमवार, ३ मार्च
शी! आज ग्रंथाच्या वर्गात पुन्हा ते कंपाउंडरकाका माझ्याच शेजारी. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी अंगाला दवाखान्याचा वास. त्यात तो श्वास — आधी शिट्टी, मग घशात काहीतरी चिकट हलल्यासारखं. समोर ग्रंथ उघडलेला आणि मी नाकाला रुमाल लावून बसलेली!

तोंडी परीक्षा सव्वीसला. दोनदा नापास झालेय. आता नाही जमलं तर वर्गातून नाव कमी. आईचे डोळे गेल्यापासून ती एकाच आशेवर आहे, की मी शिकून तिला हा ग्रंथ अर्थासकट वाचून दाखवीन. चार घरी सांगूनही आलीय.

गुरुवार, ६ मार्च
बाईंनी आज वर्गात नवीनच काढलं. डोळे मिटायचे, चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर. असं पाचदा, मग ओळ म्हणायची. मन भरकटत नाही म्हणे. नाकाने! काकांच्या शेजारी बसून!

दुकानात शिलाईचं मशीन थांबवून करून पाहिलं. आख्खं पान म्हटलं आणि शिवायचे राहिलेले पडदे एकदाही आठवले नाहीत. कमाल आहे.

मंगळवार, ११ मार्च
दुकानात जमतं, वर्गात नाही. तीनपर्यंत पोचते न पोचते तोच शिट्टी. डोकंच उठतं.

गुरुवार, १३ मार्च
बाईंना सांगून टाकलं — एक तर ते, नाहीतर मी. मग बाईंनी काकांची खुर्ची बाहेर जिन्याजवळ मांडली. काकांनी वही उचलली. जाताना माझ्याकडे बघून हसले, त्या पिवळ्या दातांनी. ई!

गुरुवार, २० मार्च
काका आठवडाभर आलेच नाहीत. बरं झालं. आज सबंध अध्याय न अडखळता म्हटला.

बुधवार, २६ मार्च
पास! घरी येऊन आईला पहिलं पान वाचून दाखवलं. ती माझा हात धरून बसली होती, सोडेचना.

गुरुवार, २७ मार्च
बाईंचे आभार मानायला गेले. म्हणाल्या, ही श्वास मोजायची पद्धत माझी नव्हेच. काकांचं एक फुप्फुस काढलं तेव्हा त्यांना दवाखान्यात शिकवलेली. मी दुसऱ्यांदा नापास झाले, त्या दिवशी त्यांनी ती बाईंना लिहून दिली. माझ्यासाठी.

मग मला सांगितलं का नाहीत, असं मी विचारलं.

"त्यांनीच बजावलं होतं. म्हणाले, माझं नाव सांगू नका, नाहीतर ती करायची नाही."