अठराला पडणारी काड्यापेटी

४ ऑगस्ट, सोमवार

काटकी पुन्हा नापास! परीक्षा ती काय – एका पायावर उभं राहायचं, चवड्यावर वीस वेळा चढायचं-उतरायचं. गुडघा ताठ, डोक्यावर काड्यापेटी. पेटी पडली की नापास. हिची अठराव्याला पडली. आणि म्हणे बॅलेचे पॉइंट शूज हवेत! अंगठ्याच्या टोकावर सगळं अंग तोलायचं असतं त्यात. पाय आहेत की झाडूच्या काड्या!

तिच्या आईसाहेब दारातच. "समोरच्या क्लासात नऊ वर्षांच्या मुलींना देतात, बाई. आमची तर बारा पूर्ण झाली!"

म्हटलं, तिकडेच घाला मग. हाडांचा दवाखानाही तिकडेच आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

क्लासच्या मालकीणबाईंनी बोलावलं. "जरा सांभाळून घ्या हो." सांभाळतेच आहे – पोरींचे घोटे!

त्यांचं काय जातंय? शूज मिळाले की मुली वरच्या मजल्यावर, त्यांच्या सूनबाईंच्या वर्गात. पाच-पाच वर्षं घसा मी फोडायचा आणि कार्यक्रमाला हार सूनबाईंच्या गळ्यात. आयत्या बिळावर नागोबा!

११ ऑगस्ट, सोमवार

काटकीची पेटी पुन्हा अठराला पडली. मी ओरडलेच, "दोन राहिले होते गं, दोन! दगडाला शिकवलं असतं तर त्याला पाझर फुटला असता." रडली नाही. पेटी उचलली, माझ्या हातात दिली. निगरगट्ट!

१४ ऑगस्ट, गुरुवार

गेल्या महिन्यात वर गेलेल्या दोघी जिन्यात भेटल्या. साधं हसल्यासुद्धा नाहीत. गरज सरो, वैद्य मरो.

१८ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा अठरा. आईसाहेबांनी सगळ्या पोरींसमोर थयथयाट केला. "तुम्हाला स्वतःला नाचता येईना, म्हणून पोरींचे पाय बांधून ठेवता!"

माझा डावा अंगठा वाकडा झालाय तो दहाव्या वर्षी घातलेल्या शूजनी. हे त्या बयेला कशाला सांगू? चीड आली, एवढंच.

संध्याकाळी मालकीणबाईंचा निरोप – पुढच्या सोमवारी पोरगी पास, नाहीतर तुम्ही घरी. बसेन घरी! पण कच्च्या पायाला पक्का म्हणणार नाही. सव्वीस वर्षांत माझी नजर एकदाही चुकलेली नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

वर्ग सुटला तरी काटकी रेंगाळते. खिडक्या लावते, माझी पाण्याची बाटली भरून ठेवते. म्हटलं, मस्का लावून कोणी पास होत नाही, पळ घरी! गेली. बाटली भरूनच गेली.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज क्लासला जाण्याआधी ही वही चाळत होते. मालकीणबाईंच्या तोंडावर मारायला पुरावा हवा होता. अठरा. अठरा. अठरा.

दमलेला पाय कधी पंधराला सुटतो, कधी एकोणिसाला. दर वेळी अठराला नाही! माझ्याच हातचं लिहिलेलं, आणि मला दिसलं नाही. कसली डोंबलाची नजर!

तिला बाजूला घेतलं. "पेटी मुद्दाम पाडतेस?"

मान खाली. मग पुटपुटली, "वर गेले की तुम्ही नसता ना, बाई."

पेटी डोक्यावर ठेवली तिच्या. म्हटलं, आता खरं कर. तीस झाले. पेटी हलली नाही.

पास लिहिलं. वर पाठवलं. जिना चढताना तीनदा वळून बघितलं कार्टीने. मी ओरडले – पुढे बघ, पडशील!