दोन ममता

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
१८ फेब्रुवारी १९९६

चि. रोशन,
जय भीम आणि उदंड आशीर्वाद.

तुझं मस्कतचं पत्र पोचलं. इथे यंदा थंडी चांगलीच पडली. टँकर एक दिवसाआड येतोय. समोरच्या घरातली नवी सून ममता माझीही कळशी भरून आणते. तुझे बाबा गेल्यापासून या घरात बोलणारी तीच.

थंडीत अख्खी बिल्डिंग फ्लूने खोकत होती. मलाही झाला. ताप उतरला, एवढं तुला फोनवर सांगितलं. पुढचं नाही सांगितलं.

ताप गेला, पण डोकं दुखायचं थांबेना. खोकला आला की कवटी आतून फुटेल असं वाटायचं. आडवं झालं की जास्तच, म्हणून खुर्चीत बसून राहायचे. उलट्याही सुरू झाल्या. एका सकाळी ममता कळशी घेऊन आली, तर दारात मला दोन ममता दिसल्या.

"दोनों अंदर आ जाओ," मी म्हटलं.

ती हसली नाही. कळशी तिथेच ठेवून रिक्षा आणायला धावली.

इथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि लगेच मुंबईला पाठवलं. फ्लूनंतर मेंदूभोवतीचं पाणी तुंबून कवटीत दाब वाढला होता, डोळ्यांच्या नसा सुजल्या होत्या. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचं ठरलं. उशीर केला तर नजर जाईल म्हणाले.

सहीला घरचं माणूस हवं होतं. "कोण आहे तुमचं?" नर्सने विचारलं.

"मुलगा. मस्कतला."

"इथे कोण?"

मी सोबत आलेल्या ममताकडे पाहिलं. ममताने पदर सारखा केला. "मैं बेटी हूँ," म्हणाली आणि सही केली.

सुई टोचताना हात तिचाच धरला होता. हाका मात्र तुला मारत होते म्हणे.

आता डोकं हलकं आहे. डाव्या डोळ्याने नीट दिसतं. उजव्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. ते तसंच राहणार.

तू काँट्रॅक्ट मोडून धावत येशील, म्हणून फोनवर 'मी मजेत' म्हणत राहिले. पण काल ममता रडत आली. नवऱ्याची बदली झाली, होळीनंतर ते सुरतला चाललेत.

नोकरी सोड म्हणत नाही, रोशन. सुट्टी मिळेल तेव्हा ये. एका डोळ्याने का होईना, तुला जवळून बघायचंय.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझी आई