मासे बाथरूममध्ये आहेत

बाबा,

हॉलमधली टाकी रिकामी दिसेल, पण घाबरू नका. पांढरे ठिपके सगळ्याच माशांवर पसरले होते, म्हणून पहाटे उठून त्यांना बाथरूममधल्या निळ्या टबात हलवलंय. तुमचा नवा पिवळा मासा मात्र वाचला नाही. तुम्ही शोधत बसाल म्हणून आधीच सांगते.

टबात तांब्याचं औषध आहे. त्यानं मासे बरे होतील, पण ते मोठ्या टाकीत गेलं तर कोळंबी आणि प्रवाळ मरतील. म्हणून टबाची जाळी टबालाच वापरा आणि हात धुवा. पाणी कमी झालं तर कॅनमधलं फिल्टरचं घाला. खडकवासल्याचं नळाचं पाणी आपल्याला चालतं, यांना नाही. हवेचा पंप बंद पडला तर लगेच फोन करा, मीटिंगमध्ये असले तरी उचलेन. बसायला आईची खुर्ची दाराशी ठेवलीय.

नवीन मासा आधी वेगळा ठेवायचा असतो, असं दुकानदार काल म्हणाला, तेव्हापासून तुम्ही जेवला नाहीत. फ्रिजमध्ये पिठलं आहे, गरम करून नक्की खा.

"नवा मासा आणलात कशाला?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तो नारिंगी मासा दिवसभर एकटाच काचेशी उभा असतो गं." आई गेल्यापासून दिवसभर घरात कोण असतं, ते मलाही ठाऊक आहे.

सोमवारपासून मी घरूनच काम करणार आहे. ऑफिसात कारण माशांचं सांगितलंय.

आम्रपाली